वाचलेलें कळलें काय?

सहावी-सातवीच्या वर्गांतील विद्यार्थी धडा घडघडां वाचून दाखवितो. उच्चार स्पष्ट, स्वर मोठा, परंतु "यांत काय सांगितलें आहे?" असें विचारतांच तो पुन्हां पुस्तकाकडेच पाहूं लागतो. अक्षरें वाचणें आणि अर्थ वाचणें हीं दोन निराळीं कामें आहेत. परीक्षेंतील उताऱ्यावरचे प्रश्न पुष्कळांस अवघड जातात, ते पहिल्याच कामाशीं थांबल्यामुळें.

आपल्या पूर्वजांस दुसरें काम टाळतांच येत नसे. मोडी लिहिणारा आधीं आडवी रेघ ओढी व तिच्याखालीं अक्षरें लिहीत जाई. शब्दाशब्दांत अंतर नसे, विरामचिन्ह नसे, ऱ्हस्वदीर्घाचा भेदही बहुधा पाळला जात नसे. 'सुत' म्हणजे पुत्र कीं 'सूत' म्हणजे धागा, हें मजकुरावरूनच ठरवावें लागे. विणकराच्या हिशेबांत एक, वंशावळींत दुसरें. पुढें छापखाने आले, बालबोध लिपी रूढ झाली आणि मेजर थॉमस कँडी (१८०४–१८७७) यांच्या प्रयत्नानें इंग्रजी पद्धतीचीं विरामचिन्हें मराठींत रुळलीं. (मोल्सवर्थसाहेबांच्या १८३१ च्या कोशाच्या कामींही हेच कँडी साह्यकारी होते.) वाचकाचें निम्में ओझें असें छापणाऱ्यानें उचललें असतां आमचे विद्यार्थी त्या साह्याकडे ढुंकूनही पाहत नाहींत, याचें आम्हांस नवल वाटतें.

पाटाच्या पाण्याविषयीं शेजाऱ्यास लिहिलेली ही चिठ्ठी घ्या: "पाणी सोडूं नका अडवूं". 'सोडूं' या शब्दापुढें स्वल्पविराम दिला, तर पाणी येणार व तें कोणीं अडवूं नये. तोच 'नका' या शब्दापुढें दिला, तर पाणी अडणार. आणि ज्याचा ऊस उभा वाळत आहे त्यानें काय करावें? एवढ्याशा खुणेवर एका घराचें वर्षाचें पीक अवलंबून राहतें.

सर्वनामांकडेही असेंच दुर्लक्ष होतें. "रामानें गोविंदास आपली पाटी दिली" आणि "रामानें गोविंदास त्याची पाटी दिली" हीं वाक्यें घाईनें वाचणारास सारखींच भासतात. पण 'आपली' हा शब्द कर्त्याकडे जातो. म्हणजे पाटी रामाची. 'त्याची' म्हटल्यास ती गोविंदाची, अथवा मागें उल्लेख आलेल्या तिसऱ्याच कोणाची. पहिल्या वाक्यांत रामाचें औदार्य आहे, दुसऱ्यांत कदाचित् त्यानें घेतलेली वस्तु परत केली एवढेंच. उताऱ्यांत 'तो', 'तिनें', 'त्यांचें' असे शब्द आले कीं क्षणभर थांबून 'कोण?' असें स्वतःस विचारावें.

कठीण शब्द आला कीं लगेच कोशाकडे धांव घेणें आम्हांस पसंत नाहीं. आधीं मागचें-पुढचें वाक्य पाहून अर्थाचा तर्क करावा, मग कोश उघडून तो पडताळावा. तर्क चुकला तरी तो शब्द मग सहसा विसरत नाहीं.

पालकांसही यांत साह्य करतां येईल. रोज रात्रीं मुलाकडून एक परिच्छेद मोठ्यानें वाचून घ्यावा आणि "हें कोणीं केलें? कां केलें?" असे दोनच प्रश्न विचारावे. ज्यांस स्वतःस वाचतां येत नाहीं त्यांनींही संकोच करूं नये. प्रश्न विचारण्यास अक्षरओळख लागत नाहीं. उलट, ऐकणाऱ्यास न कळलेलें वाक्य बहुधा वाचणाऱ्यासही कळलेलें नसतें.

सारांश लिहावयाचा तो पुस्तक मिटून लिहावा. उघड्या पुस्तकावरून उतरलेला सारांश म्हणजे दोन-चार वाक्यें गाळलेली नक्कलच असते, आणि तपासणाराच्या तें पहिल्या ओळींतच ध्यानांत येतें.