डोळ्यातील फूल आणि देणगीचा पैसा

जळगाव व धुळे जिल्ह्यांत दादरची कापणी किंवा कपाशीची पऱ्हाटी उपटण्याचे काम चालू असताना डोळ्याला पाते वा काडी लागणे ही नित्याचीच बाब समजली जाते. मजूर डोळा चोळतो, पाण्याचा हबका मारतो आणि पुन्हा कामाला लागतो. परंतु एवढ्याशा इजेनेही बुबुळाच्या वरच्या पातळ थराला चीर पडते आणि वनस्पतीवरील बुरशीला वा जंतूंना आत शिरण्यास वाट मिळते. व्रण होतो, तो भरून आला तरी पांढरा डाग राहतो. खेड्यात यालाच डोळ्यात फूल पडणे म्हणतात. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. दाट फुलाला मात्र बुबुळरोपण लागते आणि त्यासाठी कोणाचे तरी मरणोत्तर नेत्रदान लागते.

या व्रणाला वेळीच अटकाव करता येतो, हे नेपाळमधील भक्तपूर येथील अभ्यासाने दाखविले. सुमारे ३५ हजार लोकवस्तीवर दोन वर्षे लक्ष ठेवण्यात आले. बुबुळाला ओरखडा आलेल्यांना गावातील प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी साधे प्रतिजैविक मलम तीन दिवस लावले. इजेनंतर १८ तासांच्या आत आलेल्यांपैकी कोणालाही व्रण झाला नाही. हे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले.

स्वस्त मलमाच्या अशा अभ्यासातून औषध कंपनीला नफा होत नाही. धर्मादाय पैशाचे खरे स्थान येथे आहे. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था चित्रपट निर्माते प्रसाद यांच्या घराण्याच्या देणगीतून उभी राहिली व संशोधनात अग्रेसर ठरली. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या परिवारातील ऑरोलॅबने १९९२ पासून डोळ्यात बसवायची भिंगे देशातच स्वस्तात तयार केली. त्यामागेही सेवा फाउंडेशन या धर्मादाय संस्थेचे साहाय्य होते.

खानदेशात दातृत्वाची वानवा नाही. जळगावचे कांताई नेत्रालय जैन उद्योगसमूहाशी निगडित प्रतिष्ठानाने उभारले आहे. दोन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. मात्र देणगीदाराचा ओढा सर्वत्र शिबिरांकडे असतो, आणि ते स्वाभाविकही आहे. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांसह छायाचित्र काढता येते. तीन वर्षे चिकाटीने ठेवलेल्या नोंदवहीचे छायाचित्र कोण छापणार? तरीही मलम, प्रशिक्षण व नोंदी यांचा खर्च एखाद्या स्थानिक न्यासाच्या आवाक्यातला आहे. न्यासाच्या उद्देशांत वैद्यकीय संशोधनाचा उल्लेख आहे किंवा नाही, हे विश्वस्तांनी आधी पाहावे. रुग्णांवरील अभ्यासाला नीतिविषयक समितीची मान्यताही आवश्यक असते.

ग्रामपंचायतीला व शिक्षकांना तोवर थांबण्याचे कारण नाही. इजा कशाने झाली, किती तासांनी रुग्ण आरोग्य केंद्रात पोहोचला, त्याआधी डोळ्यात काय घातले गेले, एवढे आशा कार्यकर्तीच्या मदतीने टिपता येते. यांतील तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा. दुकानातून परस्पर आणलेल्या काही थेंबांत स्टेरॉइड असते. त्याने लाली व वेदना कमी होतात, रुग्णाला बरे वाटते, आणि बुरशी आत वाढत राहते.