नकाशावरचे ठिपके

नेपरव्हिल हे अमेरिकेतील शिकागोजवळचे शहर. केतकी तिथे राहते. मुंबईहून आलेले आजोबा आणि ती संगणकासमोर बसली होती. दर वर्षी जुलैत शिकागोहून मॅकिनॅक बेटापर्यंत शिडांच्या होड्यांची शर्यत होते. अंतर ३३३ मैल. पडद्यावर होड्यांचे रंगीत ठिपके मुंगीच्या पावलांनी सरकत होते.

"आजोबा, होड्या तर सरोवरात आहेत. मग त्या इथे कशा दिसतात?"

"प्रत्येक होडीवर ट्रॅकर नावाचे छोटे यंत्र असते. उपग्रहांच्या संदेशांवरून ते आपली जागा ओळखते आणि किनाऱ्यावर कळवते."

"म्हणजे कोणी लबाडी केली, तर लगेच कळणार!"

"हो. पूर्वी तसे नव्हते. १९६८ साली एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत लागली. नऊ जण निघाले. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहेली' ही सागवानी होडी तर आपल्या मुंबईत बांधलेली! आपण कुठे आहोत, हे खलाशानेच रेडिओवरून सांगायचे आणि लोकांनी विश्वास ठेवायचा. डोनल्ड क्रोहर्स्ट यांची होडी गळू लागली. पुढे जायची भीती, परत फिरायची लाज. ते अटलांटिक महासागरातच घुटमळत राहिले आणि आपण खूप पुढे गेलो आहोत, असे खोटेच कळवत राहिले."

"मग ते जिंकले?"

"नाही गं. १९६९ च्या जुलैत त्यांची होडी सापडली, ती रिकामी. ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत." आजोबा क्षणभर थांबले. "शर्यत पूर्ण केली ती एकट्या नॉक्स-जॉन्स्टन यांनी, ३१२ दिवसांत. बक्षिसाचे ५,००० पौंड मात्र त्यांनी क्रोहर्स्ट यांच्या बायकामुलांना दिले."

केतकी विचारात पडली. "त्यांच्या होडीवर ट्रॅकर असता तर?"

"तर खोटे बोलताच आले नसते. कदाचित ते घरी परतले असते."

थोड्या वेळाने आजोबा पुन्हा सांगू लागले. "२०२२ साली तशीच शर्यत झाली. या वेळी ट्रॅकर होते, पण ते किनाऱ्यावरच्या लोकांसाठी. खलाशांनी मात्र सूर्य-तारे पाहूनच वाट शोधायची, असा नियम. वाटेत तापिओ लेहटिनेन यांची होडी बुडाली. कर्स्टन नॉइशेफर या बाईंना त्यांची जागा कळवण्यात आली. त्यांनी शर्यत बाजूला ठेवली, रात्रभर होडी हाकली आणि लेहटिनेन यांना वाचवले."

"आणि त्यांचा वेळ?"

"पंचांनी ३५ तास भरून दिले. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याच पहिल्या आल्या. दुसरे आले आपल्या नौदलातून निवृत्त झालेले अभिलाष टॉमी."

केतकीने पडद्याकडे पाहिले. एक निळा ठिपका वाट सोडून मागे वळला होता.

"आजोबा, हा का बरे वळला असेल?"