होडी का कलंडते?



इंदापूर तालुक्यात कळस आणि कळाशी अशी सारख्या नावांची दोन गावे आहेत. कळस पाण्यापासून आत आहे, तर कळाशी उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी आहे. १९८० मध्ये हे धरण पूर्ण झाले आणि भीमेचे पात्र दूरवर पसरले. समोरच्या काठावर करमाळा तालुक्यातील कुगाव आहे. पण रस्त्याने तेथे जायचे तर मोठा वळसा पडतो. म्हणून बेटावरच्या लोकांप्रमाणे येथील लोकही होडीने ये-जा करीत आले. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. एकजण पोहत काठाला लागला, सहाजण बुडाले.

होडीत वजन फार झाले म्हणजे ती बुडते, असे आपण समजतो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. तरंगणे ही एक गोष्ट आणि सरळ राहणे ही दुसरी. पहिलीचे उत्तर आर्किमिडीजने दिले आहे : होडी स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते आणि तरंगते. दुसरीचे उत्तर आज शोधू.

होडीचे सारे वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढते. पाण्याचे प्लावक बल बुडालेल्या भागाच्या मध्यातून वर रेटते. होडी सरळ असताना ही दोन्ही बले एकाच उभ्या रेषेत असतात. होडी उजवीकडे कलली की उजवी बाजू अधिक बुडते आणि प्लावक बल उजवीकडे सरकते. आता एक बल खाली ओढते, दुसरे थोडे बाजूला वर रेटते, आणि दोघे मिळून होडीला पुन्हा सरळ करतात. थोड्या कलण्यात प्लावक बलाची नवी रेषा होडीच्या मध्यरेषेला ज्या बिंदूत छेदते त्याला मेटासेंटर म्हणतात. गुरुत्वमध्य या बिंदूच्या खाली असेल तोवर होडी सावरते. वर गेला की कलंडते.

आता गणित करू. डब्याच्या आकाराची एक होडी घ्या : लांबी ६ मीटर, रुंदी दीड मीटर, काठाची उंची ५० सेंटीमीटर, इंजिनासह वजन १२०० किलो. तिच्यात ६० किलोची दहा माणसे बसली. एकूण १८०० किलो. होडी २० सेंटीमीटर बुडेल आणि काठ पाण्याच्या वर ३० सेंटीमीटर राहील. अशा होडीत बुडालेल्या भागाच्या मध्यापासून मेटासेंटरची उंची म्हणजे रुंदीचा वर्ग भागिले बुडालेल्या खोलीची बारापट. येथे सुमारे ९४ सेंटीमीटर. त्या मध्याचे बुडापासूनचे १० सेंटीमीटर मिळवले की १०४ होतात. माणसे बसलेली असताना गुरुत्वमध्य सुमारे ४० सेंटीमीटरवर असतो. होडी सुरक्षित आहे.

समजा, लाट आली आणि सगळे घाबरून उभे राहिले. गुरुत्वमध्य ५३ सेंटीमीटरवर चढला. मेटासेंटर अजूनही ५१ सेंटीमीटर वर आहे. पण उभे राहून ते सगळे अर्धा मीटर एका बाजूला सरकले तर? होडीचा उतार = (६०० × ०.५) ÷ (१८०० × ०.५१), म्हणजे सुमारे ०.३३. हा १८ अंशांचा कोन झाला. त्या बाजूचा काठ सुमारे २४ सेंटीमीटर खाली गेला. वर उरले केवळ ६ सेंटीमीटर! एवढ्या उंचीची लाटसुद्धा आत शिरेल.

वाऱ्याचे काय? ताशी ५४ किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरला सुमारे १३५ न्यूटन बल लावतो. आपल्या होडीवर त्याचा कलंडवणारा परिणाम दहा माणसांच्या सरकण्याच्या सुमारे दहावा हिस्सा भरतो. पण वारा लाटा उठवतो, लाटा भीती उत्पन्न करतात आणि भीती माणसांना हलवते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट उलटून सहाशेहून अधिक माणसे गेली. लाटेच्या तडाख्यानंतर प्रवासी एका बाजूला धावल्याचे वाचलेल्यांनी सांगितले आहे.

यानंतरचा शत्रू म्हणजे आत आलेले पाणी. आपल्या होडीत ३ सेंटीमीटर पाणी साचले तर ते २७० किलो होते. माणसांना बसून राहा असे सांगता येते, पाण्याला नाही. होडी कलेल त्याच बाजूला ते धावते. सुरुवातीच्या थोड्या कलण्यात बाहेरचे पाणी होडीला जेवढे सावरते, जवळजवळ तेवढेच आतले पाणी तिला कलंडवते.

हे करून पाहा. एक चौकोनी, सपाट बुडाचा हलका डबा टबात तरंगवा. मध्यभागी ३०० ग्रॅम ओल्या मातीचा गोळा चिकटवून डब्याला बोटाने हलका धक्का द्या. डबा सावरेल. आता माती काढून डब्यात ३०० मिलिलिटर पाणी ओता. वजन तेवढेच, पण डबा एका बाजूला झुकेल आणि सावरायला तयार होणार नाही.

यावरून होडीचे नियम आपोआप निघतात. खाली बसावे, मध्यभागी बसावे, लाट आली तरी जागा सोडू नये. आत आलेले पाणी ताबडतोब उपसावे. आभाळ भरून आले की काठावरच थांबावे. आणि लाइफ जॅकेट पाय आत टाकण्यापूर्वीच अंगात घालून बंद बांधावेत. होडी उलटताना त्याला वेळ मिळत नाही. माणसाचे शरीर पाण्यात कसेबसे तरंगते, पण चार-पाच किलोचे डोके पाण्याबाहेर ठेवण्यासाठी जादा प्लावक बल लागते. ते जॅकेट देते.

विचार करा :
१. होडीची लांबी आणि वजन तेच ठेवून रुंदी दुप्पट केली, तर बुडालेली खोली निम्मी होते. मेटासेंटरची उंची किती पट होईल?
२. जड सामान टपावर ठेवावे की बुडाशी? का?
३. धरणातील पाणी उन्हाळ्यात कमी झाले म्हणजे होडीचा धोका कमी होतो का?