ओढ्याकाठची धाव

ताम्हिणी घाटातील पिंपरीहून निघून, कुंडलिकेच्या दरीची कड धरून हिर्डीपर्यंत जाणारी आणि तेथून एकदम कोकणात भिऱ्यास उतरणारी जी अंधारबनाची वाट आहे, तिच्यावरून चालणारे पुष्कळ असले तरी धावणारे अलीकडेच दिसू लागले आहेत. आणि त्यांपैकी बहुतेकांची तयारी शहरातील डांबरी रस्त्यावर झालेली असल्यामुळे, जेथे ओढा कधी वाटेच्या शेजारून व कधी प्रत्यक्ष वाटेतूनच वाहतो तेथे आपले कोणते इंद्रिय निकामी होते, याची त्यांना कल्पना नसते. ते इंद्रिय म्हणजे कान.

आषाढातील एका सकाळी आम्ही तिघे या वाटेने धावत होतो. पुढे मी, मध्ये एक तरुण स्नेही आणि सर्वांत मागे आमच्यात वयाने वडील असे एक गृहस्थ. ओढा ओलांडण्यापूर्वीच काठच्या काळ्या कातळावर त्या गृहस्थांचा पाय सरकला, घोटा मुरगळला, आणि त्यांनी पुनःपुन्हा मारलेल्या हाका पलीकडे पोहोचलेल्या स्नेह्याच्याही कानी पडल्या नाहीत. पुढच्या वळणावर घोटभर पाणी पिण्यास आम्ही थांबलो म्हणूनच तिसरा मागे राहिल्याचे ध्यानी आले. परत येऊन पाहतो तो, नुकताच घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओढा आमच्या नि त्यांच्यामध्ये गुडघ्याच्या वर चढलेला. आणि आमच्या डोक्यावर तर पावसाचा थेंब नव्हता.

याचे कारण आकाशात शोधण्यापेक्षा भूगोलात शोधावे. टाटांनी मुळशीचे पाणी भुयारातून खाली सोडून, जवळजवळ ५०० मीटरांच्या पडीवर, १९२७ साली भिऱ्याचे वीजकेंद्र चालू केले ते सह्याद्रीच्या याच उतारावर. आणि याच ताम्हिणीत जुलै २०२४ मध्ये एका दिवसात ५५० मिलिमीटरांहून अधिक पाऊस मोजला गेला. अशा मुलखात ओढ्याचे पाणलोट क्षेत्र लहान, उतार तीव्र, कातळावरची माती पातळ व आषाढापर्यंत पुरती भिजलेली, तेव्हा वरच्या सड्यावर पडलेली सर जिरण्यास जागाच नसते, ती थोड्याच अवधीत खाली येते. मात्र ज्या कारणाने पाणी झटपट चढते, त्याच कारणाने ते उतरतेही झटपट. हे आम्हांला सांगितले म्हशी घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी. आमच्या स्नेह्याने कमरेस दोर बांधून पाण्यात शिरण्याचा बेत मांडताच ते म्हणाले, “बसा जरा. वरचा सडा निथळला की पानी उतरंल.” आम्ही बसलो, आणि दुपार कलण्यापूर्वी पाणी उतरले.

दोराविषयी येथेच सांगितले पाहिजे, कारण हा बेत पुष्कळांना सुचतो. कमरेस दोर बांधलेला मनुष्य पडला, तर ताणलेला दोर त्याला काठाकडे आणण्याऐवजी पाण्याखाली दाबून धरू शकतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हा हिशेब डोक्यात ठेवला म्हणजे गुडघाभर पाण्यात धडधाकट माणूस कसा आडवा होतो याचे आश्चर्य वाटत नाही. अरुंद जागा सोयीची दिसते, पण तेथेच पाणी खोल व वेगवान असते. पसरट, उथळ जागा पाहावी, पाठीवरच्या पिशवीचा कमरपट्टा सोडावा, आणि खाली धबधबा किंवा कडा असेल तर ती जागा वर्ज्यच समजावी. पाणी गढूळ होऊ लागले, काटक्या व ओला पालापाचोळा वाहत येऊ लागला, की पात्रातून बाहेर पडून उंचावर जावे आणि मगच विचारविनिमय करावा.

धावण्याचा क्रमही त्या दिवसापासून आम्ही बदलला. सर्वांत सावकाश धावणारा पुढे, जाणता मागे, आणि पुढचा मागच्याच्या दृष्टीआड कधी होणार नाही, असा आमचा दंडक आहे. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी असते, कारण पाण्याच्या घोषात मानवी कंठ दुबळा ठरतो. शेवाळलेल्या कातळावर उत्तमातला उत्तम खाचदार बूटही फारसा उपयोगी पडत नाही, म्हणून तेथे सरळ चालावे. त्यात कमीपणा वाटणाऱ्याने घड्याळ घरी ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. घोटा मुरगळल्यास आणि अजून चालून जायचे असल्यास बूट काढू नये. सूज आल्यावर तो पुन्हा चढत नाही. तोल सावरताना हात भलत्याच फांदीवर टाकू नये, कारण हिरवा चापडा हा साप ओढ्याकाठच्या झुडपात तासन्‌तास निश्चल असतो.

राहता राहिला परवानगीचा प्रश्न. भर पावसात या वाटांवर मनाई हुकूम निघतात, आणि धावणारी मंडळी त्यांना दफ्तरी जाच म्हणून नावे ठेवतात. हुकूम पाळावा, आणि दसरा उलटल्यावर, ओढे रोडावल्यावर जावे. तेव्हाही सकाळी लवकर निघावे, आपला मार्ग घरी सांगून ठेवावा, आणि भिऱ्याहून परतीच्या वाहनाची तजवीज आगाऊ करावी. पिंपरीस ठेवलेली गाडी आपणांस घ्यायला कोकणात उतरून येत नाही.