पोर्टेबल स्पीकर घेताना : वायफाय की ब्लूटूथ?



पालकसभेत अलीकडे एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, मुलांना कविता-गोष्टी ऐकवायला छोटा स्पीकर घ्यायचाय. ब्लूटूथवाला घेऊ की वायफायवाला?" दुकानात विचारलं तर दुकानदार वॉट आणि बेस सांगतो, एखादं दणदणीत गाणं लावून दाखवतो, आणि आपण आवाजावर खूश होऊन घरी येतो. मुलांच्या अभ्यासासाठी बघायच्या गोष्टी मात्र वेगळ्या आहेत. म्हणून आज हा विषय थोडा सविस्तर घेऊ.

आपल्या मीरा-भाईंदरमध्ये या प्रश्नाला जास्त वजन आहे. एकाच वर्गात घरी गुजराती बोलणारी, हिंदी बोलणारी, मारवाडी, उर्दू, कोकणी बोलणारी मुलं बसतात. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालं. पण शाळा सुटली की यातल्या बऱ्याच मुलांच्या कानावर दुसऱ्या दिवसापर्यंत मराठीचा एक शब्द पडत नाही. श्रवण, भाषण, वाचन, लेखन हा क्रम आपण डी.एड.ला पाठ केलेला असतो. प्रत्यक्षात श्रवण सोडून आपण थेट वाचनावर उडी मारतो. मूल अक्षरं ओळखतं, धडा वाचतं, पण बोलायला उभं केलं की गप्प. अशा मुलाला घरी रोज पंधरा-वीस मिनिटं चांगलं मराठी ऐकायला मिळालं तर फरक पडतो. आणि हे फोन हातात न देता व्हायला हवं, कारण फोन हातात गेला की कविता दोन मिनिटं आणि व्हिडिओ दोन तास. स्पीकरला पडदा नसतो, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

आता दोघांतला फरक. ब्लूटूथ स्पीकर स्वतः काहीच आणत नाही. गाणं फोनमध्ये असतं, किंवा फोन ते इंटरनेटवरून घेतो, आणि थोड्या अंतरावरच्या स्पीकरकडे पाठवत राहतो. म्हणजे वाजत असेपर्यंत फोन जवळ हवाच. वायफाय स्पीकरचं तसं नाही. तो घरातल्या राउटरशी जोडलेला असतो आणि बहुतेक वेळा गाणं स्वतःच इंटरनेटवरून ओढून घेतो. फोन फक्त काय लावायचं ते सांगतो, रिमोटसारखा. तोंडी हुकूम ऐकणारे स्पीकर असतील तर तेवढ्यासाठीही फोन लागत नाही.

"ब्लूटूथने डेटा जातो का?" असंही पालक विचारतात. ब्लूटूथने नाही जात. फोन इंटरनेटवरून ऐकवत असेल तर त्याचा जातो. १२८ केबीपीएसची फाइल तासभर ऐकली तर साधारण ५८ एमबी. एकदा डाउनलोड करून ठेवली की नंतर शून्य.

आता खरा मुद्दा. तुमच्या घरी फोन किती, आणि मूल अभ्यासाला बसतं तेव्हा ते फोन कुठे असतात? भाईंदर स्टेशनवरून सकाळची चर्चगेट लोकल पकडणारे बाबा रात्री घरी येतात. आईही कामाला जात असेल तर दुसरा फोनही गेला. उत्तनच्या कोळीवाड्यात बोट समुद्रात गेली की फोन बोटीबरोबर जातो. दुपारी घरी आजी आणि मूल, आणि आजीचा बटणाचा फोन. अशा घरात भारीतला भारी ब्लूटूथ स्पीकर दिवसभर शोकेसमध्ये मुका बसतो. संध्याकाळी फोन घरी येतो, तेव्हा त्यावर कॉल, मेसेज, बँकेचे ओटीपी चालू असतात. कविता चालू असताना कॉल आला की कविता थांबते, आणि फोन घेऊन बाबा गॅलरीत गेले की तीही तुटत तुटत जाते. म्हणून मी पालकांना आधी विचारते, "फोन घरात नसताना हा स्पीकर बोलेल का?" याचं उत्तर मिळाल्याशिवाय वॉट आणि बेसकडे वळूच नका.

या कसोटीवर वायफाय जिंकतो असं वाटेल. अर्धवट खरं आहे. घरात कायमचं ब्रॉडबँड असेल, राउटर चालू असेल, तर वायफाय स्पीकर फोनशिवाय चालतो. पण आपल्याकडे बऱ्याच घरांत वायफाय म्हणजे बाबांच्या फोनचा हॉटस्पॉट. फोन गेला, हॉटस्पॉट गेला, स्पीकर पुन्हा मुका. वीज गेली की राउटर बंद, मग स्पीकरची बॅटरी भरलेली असून उपयोग नाही. आणि पोर्टेबल म्हणून घ्यायचा तर तो घराच्या राउटरपुरताच पोर्टेबल. गावी आजोळी नेला, सोसायटीच्या बागेत नेला, शाळेत नेला, तर तिथलं वायफाय आणि पासवर्ड शोधत बसा.

शिवाय बॅटरीवर चालणारे वायफाय स्पीकर बाजारात मुळात कमी, आणि जे आहेत ते महाग. वायफायला वीज जास्त लागते, म्हणून कंपन्या ते बहुधा प्लगला जोडलेलेच ठेवतात. अ‍ॅमेझॉनने २०१९ च्या डिसेंबरात खास भारतासाठी ४,८०० एमएएच बॅटरीचा 'इको इनपुट पोर्टेबल' काढला होता, त्यात वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही होतं. सोनोसचा 'मूव्ह' त्याच वर्षीचा, तोही दोन्हींवर चालतो, पण त्याची किंमत ऐकून आपल्यासारखे लोक दुकानातून हळूच बाहेर पडतील.

थोडं विज्ञान, कारण हे चौथी-पाचवीच्या मुलांनाही सांगता येतं. ब्लूटूथ आणि वायफाय दोन्ही रेडिओलहरींवर चालतात. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, वायफाय त्याच पट्ट्यात आणि शिवाय ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. २.४ च्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे कंपासपेटीतल्या १५ सेंमीच्या पट्टीपेक्षा थोडी कमी. ५ गिगाहर्ट्झची साधारण सहा सेंटिमीटर. फळ्यावर दोन्ही लांबीच्या रेघा काढून दाखवा, मुलांना 'लहर' ही गोष्ट एकदम खरी वाटते. लांब लहर भिंतीतून त्यातल्या त्यात बरी जाते, आखूड लहर लवकर अडते. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात अशाच न दिसणाऱ्या लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली होती, आणि त्यांच्या लहरी तर मिलिमीटरमध्ये मोजण्याइतक्या आखूड होत्या. ही गोष्ट वर्गात जरूर सांगा.

आता शांतीनगरच्या एखाद्या इमारतीत उभं राहून फोनमधली वायफायची यादी उघडा. शेजाऱ्यांच्या नेटवर्कची नावं संपत नाहीत. भिंतीला भिंत, मजल्यावर मजला, आणि प्रत्येक घरात राउटर. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे वायफाय चॅनेल फक्त तीन, १, ६ आणि ११. म्हणजे तीनच लेन आणि सगळ्या इमारतीची वाहतूक, संध्याकाळच्या काशीमिरा नाक्यासारखी. ब्लूटूथने यावर वेगळी युक्ती केली आहे. त्याने पट्ट्याचे ७९ बारीक भाग पाडलेत आणि तो सेकंदाला १,६०० वेळा एका भागातून दुसऱ्यात उड्या मारतो. ज्या भागात गर्दी दिसते तो टाळतो. म्हणून दाटीच्या इमारतीत फोन आणि स्पीकर एकाच खोलीत असतील तर ब्लूटूथ चांगलं टिकतं. वायफाय स्पीकर घ्यायचाच असेल तर ५ गिगाहर्ट्झ घेणारा आहे का, ते खोक्यावर बघा.

ब्लूटूथची मर्यादा अंतराची. साध्या उपकरणांची पोहोच १० मीटर धरतात, तीही मध्ये अडथळा नसेल तर. या लहरी पाणी शोषून घेतं, आणि आपलं शरीर बरंचसं पाणीच आहे. वर्गात करून बघण्यासारखा प्रयोग आहे. फोन मागच्या बाकावर ठेवा, स्पीकर टेबलावर, आणि मध्ये दहा-बारा मुलं खेटून उभी करा. स्पीकर साधा असेल तर आवाज तुटू लागतो. मुलं बाजूला झाली की पुन्हा नीट. मुलांना हे जादूसारखं वाटतं, आणि फोन खिशात ठेवून वर्गभर फिरताना गाणं का अडखळतं तेही आपल्याला कळतं.

आवाजाच्या दर्जाबद्दल दुकानात खूप बोललं जातं. वायफायवरून जास्त माहिती जाते, म्हणून संगीत अधिक भरीव ऐकू येऊ शकतं, हे खरं. पण आपण ऐकवणार आहोत बोललेला शब्द. त्यासाठी ब्लूटूथचा साधा दर्जाही पुरेसा आहे. खरी गडबड बेसमुळे होते. 'स' आणि 'श', 'चमचा'तला च आणि 'चिमणी'तला च, यांतला फरक वरच्या पट्टीच्या बारीक आवाजात असतो. धमधम बेसखाली तोच दबतो. घरी मराठी न बोलणारं मूल नेमकं हेच कानाने शिकत असतं. म्हणून एक्स्ट्रा बेसचं बटण अभ्यासाच्या वेळी बंद. दुकानात गाणं लावून न बघता बातम्या किंवा गोष्ट लावून बघा, आणि डोळे मिटून प्रत्येक शब्द सुटा ऐकू येतो का ते तपासा.

ऑनलाइन तासाला ब्लूटूथ स्पीकर जोडला की आवाज अचानक डब्यातून आल्यासारखा होतो, ही तक्रारही येते. स्पीकर बिघडलेला नसतो. त्याचा माइक चालू झाला की ब्लूटूथ कॉलच्या पद्धतीवर जातं, आणि जुन्या पद्धतीत ४,००० हर्ट्झच्या वरचा आवाज पोहोचतच नाही. 'स' आणि 'फ' तिथेच गोंधळतात. सेटिंगमध्ये माइक फोनचाच निवडला की बऱ्याचदा काम होतं. नाहीतर सरळ वायर जोडा.

आवाज उशिरा येणं ही आणखी एक गोष्ट. ब्लूटूथमध्ये साधारण ०.२ सेकंद उशीर होऊ शकतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे हा उशीर ६८ मीटर लांबून ऐकल्याइतका झाला. कविता ऐकताना काही बिघडत नाही. पण फोनच्या माइकवर बोलून स्पीकरमधून आवाज काढायचा प्रयत्न केला, तर आपलंच बोलणं मागून येतं आणि जीभ अडखळते. वायफायवर तर उशीर याहून जास्तही असू शकतो. थेट बोलायला वायरचा माइकच बरा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. ऐकणाऱ्या वायफाय स्पीकरला सतत चालू असलेला माइक असतो. लहान मुलांच्या घरात तो बंद करायचं बटण कुठे आहे ते पहिल्या दिवशी शिकून घ्या. अलेक्साशी हिंदीत बोलता येतं, पण आपला हेतू मराठीचा असेल तर मुलाला हुकूम हिंदीत द्यायला लावणं मला तरी पटत नाही. पावसाळ्यासाठी आयपीएक्स७ लिहिलेला स्पीकर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो, पण ती चाचणी साध्या पाण्याची. उत्तनच्या चौपाटीवर नेलात तर घरी येऊन ओल्या फडक्याने मीठ पुसा. खोक्यावर बीआयएसची खूण बघूनच घ्या. आणि रात्री दहानंतर आवाज कमी, निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

मग घ्यायचा कोणता? कायमचं ब्रॉडबँड आहे, स्पीकर घरातून हलणार नाही, आणि आजी-आजोबांना बोलून गाणी लावायची आहेत, तर वायफाय घ्या. बाकी बहुतेक घरांना आणि शाळेच्या वर्गाला मी ब्लूटूथच सांगते, पण एका अटीवर. त्याला मेमरी कार्डची किंवा पेनड्राइव्हची खाच हवी. फोन बाबांबरोबर लोकलमध्ये असताना स्पीकर बोलेल का, या प्रश्नाचं सगळ्यात स्वस्त उत्तर ही खाच आहे. महागड्या ब्लूटूथ स्पीकरना ती बहुधा नसते, साध्यांना असते. ८ जीबीच्या कार्डात १२८ केबीपीएसच्या फाइली शंभराहून जास्त तासांच्या मावतात. त्याला ना वायफाय लागतं, ना फोन, ना डेटा.

शिक्षकांना यात करण्यासारखं काम आहे. पाठ्यपुस्तकातल्या कविता आणि धडे स्वतःच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करा. पंखा बंद, खिडकी बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब. ज्या मुलाला वर्गात बाईंचा आवाज कळतो, त्याला घरीही तोच आवाज लवकर कळतो. फाइली एमपी३ मध्ये करा, कार्ड फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करा, साध्या स्पीकरना हेच वाचता येतं. फाइलींच्या नावाआधी ०१, ०२, ०३ असे आकडे घाला, नाहीतर १० नंबरची कविता २ च्या आधी वाजते. काही स्पीकर नावाचा क्रम बघतच नाहीत, फाइली ज्या क्रमाने कार्डात टाकल्या त्याच क्रमाने वाजवतात, म्हणून एकेक करून क्रमानेच टाका. मग त्याच क्रमाची चित्रयादी कागदावर काढून स्पीकरला चिकटवा. वाचता न येणारं पहिलीचं मूलही चित्र शोधतं, 'पुढे'चं बटण किती वेळा दाबायचं ते बोटांवर मोजतं, आणि हवी ती कविता स्वतः लावतं.