घटना आणि तिचा पाया



मालवण, वेंगुर्ले, देवगड या भागातली घरे जांभ्या दगडाची असतात. त्यांवर उतरते कौलारू छप्पर असते. पावसाळा जवळ आला की लोक छपरावर चढतात. फुटलेली कौले काढून नवी बसवतात, कुजलेला वासा बदलतात. घराच्या पायाला मात्र कोणी हात लावत नाही. आपल्या राज्यघटनेतही असे काही बदलता येते आणि काही बदलता येत नाही, असे आहे काय? याच किनाऱ्यावर जन्मलेल्या एका खासदाराने या प्रश्नाची चर्चा लोकसभेत घडवून आणली होती.

देशाचा कारभार कसा चालावा हे सांगणारा सर्वोच्च कायदा म्हणजे राज्यघटना. उर्दूत तिला 'दस्तूर' म्हणतात. आपली घटना संविधान सभेने तयार केली. या सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी दिल्लीत भरली. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद असे थोर नेते तिचे सदस्य होते. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्यांचे मूळ गाव आंबडवे हे कोकणातलेच, रत्नागिरी जिल्ह्यातले. सभेचे काम जवळजवळ तीन वर्षे चालले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी सभेने घटना स्वीकारली. २६ जानेवारी १९५० पासून ती पूर्णपणे अमलात आली.

घटनेने कामांची वाटणी केली आहे. संसद कायदे करते. सरकार ते अमलात आणते. कायदा घटनेला धरून आहे की नाही, हे न्यायालय पाहते. घटनेच्या तिसऱ्या भागात नागरिकांचे मूलभूत हक्क आहेत. कलम २९ प्रमाणे प्रत्येक समाजगटाला आपली भाषा, लिपी व संस्कृती जपता येते. कलम ३० प्रमाणे धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शाळा काढता व चालवता येतात. तुम्ही उर्दू माध्यमात शिकता, म्हणून हे हक्क तुमच्या अगदी जवळचे आहेत.

काळाप्रमाणे घटनेत दुरुस्ती करावी लागते. तिची रीत कलम ३६८ मध्ये दिली आहे. पण संसद मूलभूत हक्कही बदलू शकते का? २७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, संसदेला हे हक्क काढून घेता येणार नाहीत. अकरा न्यायाधीशांपैकी सहा एका बाजूला होते, पाच दुसऱ्या बाजूला.

त्या वेळी बॅरिस्टर नाथ पै हे राजापूर मतदारसंघाचे खासदार होते. त्यांचा जन्म १९२२ साली वेंगुर्ल्यात झाला. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी तुरुंगवास भोगला होता. संसदेला घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करता यावा, असे विधेयक त्यांनी १९६७ सालीच लोकसभेत मांडले. संसद ही जनतेची प्रतिनिधी आहे, म्हणून हा अधिकार तिच्याकडे असावा, असे त्यांचे म्हणणे होते. विरोधकांना वेगळी भीती वाटत होती. उद्या बहुमताच्या जोरावर एखाद्या लहान गटाचे हक्कच काढून घेतले तर त्याने कोणाकडे जावे? विधेयकावर पुष्कळ चर्चा झाली, पण त्याचा कायदा झाला नाही. १८ जानेवारी १९७१ रोजी नाथ पै यांचे निधन झाले. त्याच वर्षी सरकारने २४ वी घटनादुरुस्ती करून संसदेला तो अधिकार दिला.

हा प्रश्न पुन्हा न्यायालयात गेला. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला. तेरा न्यायाधीशांपैकी सात जणांनी ठरवले की, संसद मूलभूत हक्कांसह कोणतेही कलम दुरुस्त करू शकते, परंतु घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. त्यामुळेच १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळता आला. पण लोकशाही, कायद्याचे राज्य, धर्मनिरपेक्षता या गोष्टी या चौकटीत येतात. त्यांना धक्का लावता येत नाही.

मित्रांनो, कौले बदलण्याचा अधिकार घरात राहणाऱ्यांचाच आहे. पाया मात्र आपल्यानंतर येणाऱ्यांसाठीही राखायचा असतो. घटना वाचा, तिच्यातले आपले हक्क ओळखा आणि दुसऱ्याच्या हक्कांचाही मान राखा.

शब्दार्थ
मसुदा – कच्चा लेख
दुरुस्ती – सुधारणा, योग्य तो बदल
विधेयक – संसदेपुढे मांडलेला कायद्याचा मसुदा
बहुमत – निम्म्याहून अधिक लोकांचे मत
वासा – छपराला आधार देणारे लांब लाकूड

स्वाध्याय
१. कलम २९ व ३० यांनी कोणते हक्क दिले आहेत?
२. नाथ पै यांचे म्हणणे काय होते? विरोधकांना कोणती भीती वाटत होती?
३. लेखकाने घटनेची तुलना घराशी का केली आहे? तुमच्या शब्दांत लिहा.