वाट आणि जमीन

शेजारी आमच्या बांधावरून नित्य ये-जा करतो. म्हणून बांध त्याचा होतो काय? याच प्रश्नावर अमेरिकेत एक मोठा खटला झाला. तेथील १९२० चा कायदा, १९७३ च्या दुरुस्तीसह, सरकारी जमिनीतून नैसर्गिक वायूची नळवाहिनी नेऊ देतो. राष्ट्रीय उद्यानांच्या जमिनी मात्र वगळतो. व्हर्जिनियात अशी वाहिनी अ‍ॅपलेशियन पायवाटेखालून सुमारे ६०० फुटांवरून जावयाची होती. जमीन वनखात्याची, पायवाटेची व्यवस्था उद्यानखात्याकडे. १५ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ठरविले, की वहिवाट म्हणजे जमीन नव्हे. वनखाते परवानगी देऊ शकते. दोन न्यायमूर्तींच्या मते पायवाट हीदेखील जमीनच होती. पुढच्याच महिन्यात कंपन्यांनी ती योजना सोडली. कायद्यातील एका शब्दावर डोंगराचे भवितव्य अवलंबून असते. म्हणून शब्दांचे अर्थ काटेकोरपणे जाणावेत, असे आम्ही विद्यार्थ्यांस सुचवितो.